तीन शेपट्यांची शोधाशोध

"ओढा कधी खोटं बोलत नाही! दगड उलटा करायचा, खालचे किडे बघायचे, तब्येत लगेच कळते!"

असं स्टाफरूममध्ये ठणकावून निपाणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी पारमिता रविवारी सदलग्याच्या वाटेवरच्या एका वाडीच्या ओढ्यात उतरली. ओढा मेलाय, त्याचं सिमेंटचं गटार करून टाका, असं तिथल्या पंचायतीत ठरत आलं होतं. बैठक दुसऱ्याच दिवशी! ओढा जिवंत आहे हे दाखवायला तिला हवी होती चांगल्या पाण्यातच तगणारी एक नखाएवढी अळी.

हातात जाळी घेऊन पारमिता पोटरीभर पाण्यात वाकून दगड उलटत होती. पलीकडं नागुबाई धुणं बडवत होती, तोफा डागल्यासारखं!

"काय हुडकालीस गं बाई?"

"तीन शेपट्यांची! बारीक असते. दगडाखाली!"

त्या दणदणाटात नागुबाईच्या कानी 'तीन' आणि 'बारीक' एवढंच पोचलं. उरलेलं तिनं स्वतःच जुळवलं आणि वाडीच्या दिशेनं आरोळी ठोकली, "अगं बया! मास्तरीणबाईची तीन पदरी साखळी पडली पाण्यात!"

झालं! जत्रा लोटावी तशी वाडी ओढ्यात उतरली. भावकूआप्पा तर धोतर खोचून, म्हैस घेऊनच आले.

"बाहेर या हो! पाणी ढवळू नका!" पारमिता किंचाळली.

"रडू नगं पोरी," आप्पांनी धीर दिला. "सोनं न्हाय जायाचं कुठं!"

"सोनं नाही, किडा!"

"डोस्क्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," नागुबाई हळहळली.

बघता बघता पाण्याचा चहा झाला, चांगला दाट! दुसरी कुणी असती तर जाळी आपटून घरी गेली असती. पारमितानं पदर खोचला, जाळी खांद्यावर टाकली आणि काटे तुडवत थेट वरच्या अंगाला गेली. तिथं पाणी नितळ होतं. दगड उलटला, जाळी लावली, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं... आणि काहीतरी वळवळलं. तीन शेपट्या!

"सापडली!"

अख्खी वाडी चिखलासकट धावत वर आली. ट्रेभोवती डोकीच डोकी.

"ही?" नागुबाईनं विचारलं.

"हीच! घाण पाण्यात ही एक दिवस जगायची नाही. तुमचा ओढा जिवंत आहे, आप्पा! उद्या पंचायतीत दाखवते."

आप्पांनी ट्रेकडं पाहिलं, मग स्वतःच्या चिखलानं लडबडलेल्या धोतराकडं. "आनि साखळी?"

"साखळी नव्हतीच हो!"

अळीचा फोटो काढायला पारमिता ऐटीत वाकली. बुळुक! हातातला मोबाईल सरळ डोहात!

"माझा मोबाईल! अहो, उतरा ना कुणीतरी!"

एकही माणूस हलला नाही. नागुबाईनं शांतपणे लुगडं पिळलं.

"ऱ्हाऊ दे की तिथंच. पाणी चांगलं हाय म्हंतीस न्हवं? जगंल त्योबी!"