बुडक्याला पाणी लागतं

नोंदवहीवाल्या ताईंनी सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, यावेळी कोणाच्या बापाला चूक सापडणार नाही! बुडून मेलेला बुडका आणि जळून मेलेला जळका, दोन गाजलेल्या भयपट मालिकांमधली दोन भुतं, पहिल्यांदाच एका सिनेमात भिडणार होती. कोणत्या भुताला काय जमतं आणि काय झेपत नाही, याची जाडजूड नियमवही ताईंनी स्वतः लिहिली होती.

सोपं काम नव्हतं ते. बुडका पहिल्या भागात भिंतीतून आरपार जायचा, चौथ्यात त्याला साधी कडी उघडेना! दुसऱ्यात तो सरसर छतावर चढायचा, पाचव्यापासून 'सावकाश पण अटळपणे' येऊ लागला. प्रेक्षक खवळले. आता त्यांना कसं सांगणार, की चौथ्या भागाच्या वेळी काकांचा खांदा निखळला होता आणि पाचव्यात गुडघ्यांनी संप पुकारला होता? काका म्हणजे बुडक्याचं काम करणारे नट. बिचारे अठरा वर्षं तोंडाला हिरवा रंग फासून घेत होते. ताईंवर त्यांचा लेकीसारखा जीव.

शेवटच्या मारामारीच्या दिवशी लेखक ती वही नाचवतच आला.

"झालं काम! पान बावीस, बुडक्याला पाणी लागतं! म्हणजे बाधतं. जळका त्याला हौदात ढकलतो, बुडका गारद, खेळ खलास!"

"अहो, पाणी लागतं म्हणजे हवं असतं!" निर्मात्या बाई कडाडल्या. "झाडाला लागतं ना, तसं! हौदात पडला की दहा हत्तींचं बळ येतं त्याला!"

"मला गेल्या वर्षी आत्याकडचं पाणी लागलं, आठ दिवस आडवा होतो! कुठलं बळ आलं?"

दोघंही हट्टाला पेटले. दिवेवाले बाईंच्या बाजूने, रंगभूषावाले लेखकाच्या. जळका बिचारा विझल्यासारखा कोपऱ्यात बसून राहिला.

ताईंच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. जो हरेल त्याची मालिका बंद, हे आधीच ठरलं होतं. आणि पान बावीसवरची ती ओळ नियम नव्हतीच मुळी! काकांना दोन शॉटच्या मध्ये घशासाठी कोमट पाणी लागतं, एवढंच त्यांनी घाईत टिपून ठेवलं होतं. चुकीच्या वहीत!

"ताई, अक्षर तुमचं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. बाधतं की हवं असतं?"

खरं सांगावं तर वहीची अब्रू चव्हाट्यावर. ताईंनी हौदाकडे पाहिलं. काका कठड्यावर बसून गुडघे चोळत होते, मान खाली घालून. ताईंना अगदी भडभडून आलं.

"हवं असतं," त्या ठणकावून म्हणाल्या. आणि खोटं तरी कुठे होतं!

लेखक चरफडत निघून गेला. हौदातल्या गुडघाभर पाण्यात काकांनी जळक्याला असा आपटला, की दिवेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. निथळत बाहेर आल्यावर काकांनी ताईंचे हातच धरले.

"पोरी, वाचवलंस गं मला!"

तेवढ्यात बाई धावत आल्या.

"काका, कमाल केलीत! पाण्यात एवढी शक्ती, तर पुढचा भाग अख्खा समुद्राच्या तळाशी! दोन महिने, फक्त पाण्याखाली!"

बाई गेल्या. काकांचा हिरवा रंग ओघळला आणि आतून पांढराफटक चेहरा दिसू लागला.

"अगं, मला पोहता येत नाही."

"काय? काका, अठरा वर्षं तुम्ही..."

"बुडत होतो! बुडायला पोहता कशाला यावं लागतं?"

ताईंनी तडक वही उघडली. मग त्यांनी नवं पान काढून ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बुडक्याला पोहता येत नाही.' अठरा वर्षांत या भुताचा हा पहिलाच नियम, जो एकूण एक भागांना लागू पडत होता!