विनाथांबा गोळी

तपासणीच्या दिवशी सकाळी अंगदरावांनी बीपीची गोळी घ्यायची ठरवली आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. महिनाभर त्यांनी गोळीला हात लावला नव्हता. डॉक्टर बीपी मोजणार आज, मग काल खाल्लेली गोळी काय कामाची, असा त्यांचा हिशोब. आज मात्र त्यांनी एकदम दोन गिळल्या. (या गोळीनं लघवी लई होते, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा अंगदराव खिडकीतून भेळेची गाडी बघत होते.)

घाई का, तर तीन महिने त्यांच्या बायकोनं, लंकाबाईनं, घरातलं मीठ कुलपात ठेवलं होतं. अळणी ठेचा म्हणजे काय, ते खाणाऱ्यालाच ठाऊक! "आज बीपी नॉर्मल आलं, तर रातीच्या ठेच्यात मीठ पडंल," असं तिनं कबूल केलं होतं.

पाथर्डीहून दोघं नगरच्या विनाथांबा गाडीत बसले. कंडक्टर होती रोहिणी. अंगदराव स्वतः रिटायर कंडक्टर, रोहिणीला काम त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळं ते जरा ऐटीतच बसले. तिसगाव गेलं आणि ऐट उतरली. कधी या बाजूला कल, कधी त्या बाजूला, चैन पडेना. करंजी घाटात तर घामच फुटला.

"रोहिणी, जरा गाडी थांबीव."

"काय झालं, काका?"

आता लेकीच्या वयाच्या बाईला सांगायचं तरी कसं? "पाय मोकळं करायचेत."

"काका, तुमीच शिकिवलंय ना? विनाथांबा म्हंजी विनाथांबा. मंत्री असला तरी बेल मारायची न्हाई!"

(खरंच शिकवलं होतं. तीस वर्षांत असे कितीजण त्यांनी दटावून खाली बसवले, ते सगळे आता एकेक करून आठवायला लागले.)

स्टँडवर उतरताच लंकाबाईनं नंबर जाईल म्हणून हाताला धरून थेट दवाखाना गाठला. तिथं पाऊल टाकलं तोच नाव पुकारलं.

"सिस्टर, आधी जरा..."

"आधी बीपी!"

दंडाला पट्टा आवळला. एकशे नव्वद!

डॉक्टर चमकले. "गोळी रोज घेता ना?"

"रोज!"

"पाकीट बघू."

लंकाबाईनं मोठ्या कौतुकानं पिशवीतून पाकीट काढलं. तीसपैकी अठ्ठावीस गोळ्या जागच्या जागी! ती काही बोलायच्या आत अंगदराव उठले आणि संडासाकडं पळत सुटले. परत आले तोवर निकाल लागला होता. गोळी रोज, तीही लंकाबाईच्या हातून. मीठ कुलपातच.

परतीची गाडीही रोहिणीचीच. लंकाबाईनं तिला स्टँडवरच सगळं सांगून टाकलं होतं. करंजीला टिंग! गाडी थांबली.

"अंगद काका, उतरा! तुमच्यासाठी खास थांबवलीय. लाजू नगा!"

चाळीस माना वळल्या. काकांना काही लागली नव्हती. पण अख्खी गाडी खोळंबलेली, म्हणून बिचारे उतरले आणि बाभळीमागं उगाच उभं राहून आले.

परत येऊन बघतात तर त्यांच्या जागेवर रोहिणी, शेजारी लंकाबाई, आणि दोघींच्या मधे शेंगदाण्याची पुडी. अंगदरावांनी हात पुढं केला.

"खारे हायेत," लंकाबाई म्हणाली आणि पुडी पदराखाली सरकवली. "आन तुमी पानी पिऊ नगा फकस्त, गाडी परत थांबायची न्हाई."