जमादारांची करंगळी

आमच्या घरात देवापुढे उदबत्ती लावायची चोरी आहे. काडी ओढल्याचा आवाज झाला की कुंपणापलीकडून प्रश्न येतो, "सर, इरादा काय?" मी "पूजा" म्हणतो. "मग चालू द्या," अशी परवानगी मिळते. जळकोटला बदली होऊन मला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझे देव माधवराव जमादारांच्या मेहरबानीवर आहेत.

जमादार पोलिसातून कधीच निवृत्त झाले. नोकरीभर त्यांच्या वाट्याला आगीचेच पंचनामे आले. कुठं कडब्याची गंजी, कुठं गोठा, कुठं दुकान. त्यातून त्यांनी सगळा कायदा चार बोटांवर बसवला होता. "आग लागली का? लावली कुणी? नुकसान कुणाचं, न्हाईतर फायदा कुणाचा? आन् इरादा!" इरादा करंगळीवर. "तीन बोटं कुणीबी दाखवंल सर. करंगळीबिगर केस उभी ऱ्हात न्हाई." आमच्या शाळेत करंगळी दाखवली की पोराला बाहेर सोडावं लागतं, जमादारांच्या कायद्यात ती दाखवली की माणूस आत जातो.

त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, भाकरी करपली तरी ताटावर सुनावणी व्हायची. भाकर जळाली, हिनं जाळली, नुकसान माझं. पण इरादा न्हाई, सबब निर्दोष. काकू म्हणायच्या, "आज इरादा हाय माझा. गिळा मुकाट्यानं."

कंधारच्या एका कापड दुकानाची गोष्ट तर मी पन्नासदा ऐकली असेल. दुकान जळून खाक. मालक ऊर बडवून रडतोय. लोक हळहळतायत. जमादारांनी फक्त भिंतीवरचे रिकामे खिळे मोजले. गणपती, लक्ष्मी, कुलदैवत, सगळ्यांचे फोटो आदल्या दिवशीच मालकाच्या घरी पोचले होते. "आगीच्या आदी देव भायेर पडला म्हंजे विम्यासाठीच लावली, सर. करंगळी सापडली!" आणि अजाणतेपणाचं सोंगही त्यांच्यापुढे चालायचं नाही. वारं सुटलंय, शेजारी गंजी आहे, हे ठाऊक असून बांध पेटवला, तर तेवढ्यानंही करंगळी उभी.

अशा माणसाचं स्वतःच्या भावाशी मात्र अकरा वर्षं बोलणं नव्हतं. धाकटा ज्ञानोबा गावाकडं शेती बघायचा. दोघांची रानं लागून. बांध कोरण्यावरून एकदा शब्द वाढला, तो वाढलाच. जमादार त्याचं नावही घेत नसत. 'लगतचा खातेदार' म्हणत.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्या लगतच्या खातेदाराची सोयाबीनची गंजी भरदुपारी जळाली. वर्षाची कमाई राख झाली. पुतण्या लातूरला नोकरीला. चुलता तिथं होता हे त्यानं फोनवर ऐकलं आणि येऊन थेट ठाण्यात त्याचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण हवालदार जमादारांच्या ओसरीवर येऊन बसला. काकूंनी मला हाक मारून बोलावून घेतलं.

जमादारांनी हवालदारानं लिहून आणलेला कच्चा जबाब वाचला आणि नाक मुरडलं. "असं लिवत असत्यात का? घ्या, मी सांगतो. आग लागली. त्या टायमाला मी तितं हजर. नुकसान लगतच्या खातेदाराचं, आन् आमचं वाकडं हाय, हेबी लिवा." डाव्या हाताची तीन बोटं उभी झाली. स्वतःला अडकवण्यात इतका रस घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता.

"हात कशानं भाजला?" हवालदारानं विचारलं.

"इझवताना."

"पण तुम्ही तिथं गेलात कशाला? इरादा काय होता?"

जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न जमादारांवर आला, आणि त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा संताप आला. काकू रडकुंडीला आल्या. "बोला की हो! घेऊन जातील न्हाईतर!"

"लिवा, उत्तर दिलं न्हाई," जमादार म्हणाले आणि ठाण्यावर जायला सदरा घालू लागले. भाजलेला हात बाहीत शिरेना. फडकं सुटून लोंबायला लागलं.

तेवढ्यात फाटकातून ज्ञानोबा आला, धापा टाकत. "सायेब, पोरानं न इचारता तक्रार दिली. वरच्या तारा वाऱ्यानं घासल्या. म्या जेवून येताना बगितलं, ठिणग्या पडल्या. मी पोचोस्तवर दादा पेटलेली ताडपत्री वढीत हुता."

"पण हे तिथं कशाला आले होते?"

"दरसाल येतो. गंजी झाकली की एका कोपऱ्याची दोरी मी मोकळी सोडतो आन् जेवाया घरला जातो. वापस आलो की बांधल्याली असती." त्यानं लोंबणारं फडकं हातात घेतलं. "अकरा सालं झाली."

जमादार भावाकडं बघतच राहिले. आपलं येणं कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. "मुद्दाम सोडत हुतास?"

"हाव."

मला पुढं काही दिसेना. डोळे भरून आले होते. हवालदारानं पेन उचललं. "साहेब, मग इरादा काय लिहू?"

त्याच्याकडं जमादारांचं लक्षच नव्हतं. ज्ञानोबा खाली बसून त्यांच्या हातावरचं फडकं परत गुंडाळत होता.

"आवळून बांद," जमादार म्हणाले. "तुजी गाठ ढिली ऱ्हाती."