पोस्टमनची डावी टाच

सकाळी पलंगावरून उतरताना पोस्टमनने डावा पाय जमिनीला टेकवला आणि असा कळवळला, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. त्याआधी तिने गॅसवरचं दूध तेवढं उतरवलं.

टाचेच्या मागे, पोटरी निमुळती होत हाडाला मिळते तिथे, कुणी खिळा ठोकावा तसं दुखत होतं. दहा-पंधरा पावलं टाकली की ते कमी होई. त्यामुळे गेले तीन आठवडे पोस्टमनने हे दुखणं अस्तित्वातच नाही असं धरून चालवलं होतं. तक्रारीकडे लक्ष दिलं नाही की ती आपोआप मिटते, हा खात्यातला अनुभव त्याने टाचेला लावून पाहिला होता. टाच खात्यात नव्हती.

पोस्टात सगळ्यांनी आपापलं वैद्यक पुढे केलं. पार्सलवाल्याने तेल जिरवायला सांगितलं. बचत खात्याच्या बाईंनी अजिबात चोळू नका म्हणून बजावलं. पोस्टमास्तरांनी शेक सुचवला, शिपायाने बर्फ. पोस्टमनने कुणाचंच मन मोडलं नाही. टाच एकदा भाजली, एकदा गारठली आणि होती तशीच राहिली.

शेवटी बायकोने त्याला व्यायामोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टाचेमागची शीर चिमटीत धरून विचारलं, इथेच का? पोस्टमनच्या डोळ्यांत जे पाणी आलं, तेच उत्तर त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मग त्याचे बूट उलटेपालटे करून पाहिले. खात्याने हे बूट नुकतेच वाटले होते. तळ पोळपाटासारखा सपाट, टाच नावालाही नाही.

"ही अकिलीस टेंडन," बाई म्हणाल्या. "पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी. तुटलेली नाही, कावलीय. इतकी वर्षं उंच टाचेचे बूट, आता एकदम सपाट, वर रोजचा चढ. कावेल नाही तर काय? नुसतं झोपवून ठेवलंत तर आळशी होईल, एकदम जुंपलंत तर पुन्हा बिथरेल. कलाकलाने कामाला लावायचं तिला."

उपाय असा होता: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी अंग वर उचलायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. पंधरा-पंधराचे तीन फेरे, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. बुटात टाचेखाली जाड गादी. आणि बाई हो म्हणेपर्यंत चढ बंद.

पोस्टमास्तरांनी त्याला तिकिटांच्या खिडकीत बसवलं. बारा आठवड्यांत पाय बरा झाल्याचं दाखवता आलं नाही, तर खिडकी कायमची, असंही त्यांनी मायेने सांगून ठेवलं.

खिडकीला पंखा होता, खुर्चीला हात होते. दुसऱ्या कुणाला हे बढतीसारखं वाटलं असतं. पोस्टमनचा जीव मात्र चढाच्या गल्लीत अडकला होता. अठरा दारं, बावीस वर्षं. तिसऱ्या दारातले गृहस्थ पाकीट हातात घेण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचत आणि तोंड वाकडं करत. सातव्या दारातल्या बाई रोज "आमचं काही नसेलच" म्हणत हात पुढे करत. सगळ्यात वर एक निवृत्त घड्याळजी राहायचे. पायरीवर पाऊल वाजलं की ते आतूनच विचारत, "आलास का?" बस्स, एवढंच. पण खिडकीशी येणारा एकही माणूस त्याला 'आलास का' म्हणत नव्हता. ते सुटे पैसे मागत.

घरी तो गॅलरीत उभा राहून चढाच्या गल्लीच्या टेकाडाकडे बघत बसे. बायको म्हणे, "सवतीची आठवण आली वाटतं." तो घाईने आत येई, आणि तिला जे कळायचं ते कळे.

त्याच्या जागी जो बदलीवाला आला होता, तो पस्तिशीचा, दोन पोरींचा बाप, कामाला चोख. म्हणजे राग काढायलाही जागा नव्हती. रोज दुपारी पोस्टमन त्याच्याकडे गल्लीची चौकशी करी. एके दिवशी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, वरचे घड्याळजी काही बोलतात का?

"बसवून चहा देतात, दादा," बदलीवाला म्हणाला. "बिस्किटंही देतात."

बावीस वर्षांत पोस्टमनला तिथे पाणी मिळालं होतं. तेही मागितल्यावर.

त्याच्या बीटच्या, म्हणजे वाटपाच्या गल्ल्यांच्या, टपालाचा गठ्ठा लावायचं काम अजून पोस्टमनकडेच होतं. आधी सपाटीवरच्या गल्ल्या, मग पिशवी हलकी झाली की चढ, हा त्याचा बावीस वर्षांचा क्रम. दुसऱ्या दिवशी त्याने चढाची गल्ली गठ्ठ्यात सगळ्यात वर लावली. हेतू अगदी साधा होता. बदलीवाला सकाळी लवकर वर पोचला, की घड्याळजींच्या चहाची वेळच झालेली नसणार.

बदलीवाला लावलेल्या क्रमानेच निघे. भरलेली पिशवी खांद्याला, पायात तेच सपाट बूट आणि पहिल्याच तासाला चढ. नवव्या दिवशी तो लंगडत आला आणि म्हणाला, सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे खिळा ठोकल्यासारखं वाटतं.

पोस्टमनचा चेहरा पडला. त्याने स्वतः त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मग दोघं सकाळ-संध्याकाळ पोस्टाच्या पायरीवर, टाचा हवेत लोंबकळत ठेवून उभे राहू लागले. लोकांना ती रांग वाटे. एकदा दोन गिऱ्हाइकं त्यांच्या मागे उभीही राहिली.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनने भिंतीकडे बघत सगळं कबूल केलं. बदलीवाला सावकाश टाच खाली सोडत राहिला.

"चहा माझ्यासाठी नव्हता, दादा," शेवटी तो म्हणाला. "ते रोज विचारायचे, त्याची टाच कशी आहे, किती आठवडे झाले, कधी येणार. सांगायला वेळ लागायचा, म्हणून बसवायचे. चहा तुमच्या टाचेचा होता."

पोस्टमनचा आकडा चुकला. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

आता बीटवर पोस्टमास्तरांनाच जावं लागलं. ते एकदाच चढले आणि त्याच संध्याकाळी वरच्या कचेरीला अहवाल पाठवला. सोबत डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडलं होतं. त्यात दोष बुटांचा आहे असं स्वच्छ लिहिलं होतं.

बाराव्या आठवड्यात पोस्टमनने पोस्टमास्तरांसमोर एकट्या डाव्या पायावर वीस वेळा टाच उचलून दाखवली. बीट त्याला परत मिळालं. त्याच दिवशी वरून हुकूमही आला. बुटांचा तीन वर्षांचा साठा गोदामात पडून असल्याने बूट बदलता येणार नाहीत, सबब गल्ली बदलण्यात येत आहे. चढाच्या पायथ्याशी अठरा पत्र्याच्या पेट्या बसवल्या गेल्या. कुलूप प्रत्येकीला, किल्ली घरमालकाकडे. पोस्टमनने वर जायचं कारण नाही.

पहिल्या दिवशी अठरा दारांचं टपाल सहा मिनिटांत संपलं. रिकामी पिशवी घेऊन तो पायथ्याशी उभा राहिला. मग चढू लागला. टाच काही बोलली नाही.

"आलास का?" आतून आवाज आला. घड्याळजी बाहेर आले. "पत्र?"

"खाली पेटीत टाकलंय."

"मग वर कशाला आलास?"

पोस्टमनने टाचेकडे बोट दाखवलं. "व्यायाम सांगितलाय. चढाचा."

"किती दिवस?"

"निवृत्तीपर्यंत तरी."

घड्याळजींनी त्याला बसवलं. मग घड्याळजींनी खुंटीवरची नवी किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "येतोच आहेस, तर ते पत्र घेऊन ये उद्या. मला काही चढउतार सांगितलेला नाही."

महिनाअखेर पोस्टमनच्या खिशात अठरा किल्ल्या होत्या. रोज तो नियमाप्रमाणे सगळं टपाल पेट्यांत टाकतो, पेट्या बंद आहेत याची खात्री करतो. मग एकेक पेटी उघडून ते पुन्हा पिशवीत भरतो, आणि चढाला लागतो.