वस्तऱ्याजोगा दगड

माणसानं निवृत्त झाल्यावर जुन्या ट्रंका उघडू नयेत. लातूरच्या माधवरावांनी दिवाळीच्या साफसफाईत एक उघडली आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. (चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला बंद फाइल बघवत नाही, त्यातलाच प्रकार.) ट्रंकेत वडिलांचं उपरणं निघालं, दोन पितळी वाट्या निघाल्या आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला वस्तरा.

वडील गेले तेव्हा माधवराव सहा वर्षांचे होते. आठवण म्हणावी अशी एकच होती. उदगीरच्या घरी ओसरीवर बसून वडील दगडावर वस्तरा लावताहेत आणि मधूनच अंगठ्यावर धार बघताहेत. चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता, हात तेवढे आठवत होते. वस्तरा हातात आल्यावर माधवरावांनी त्या भरात बायकोला, विमलबाईंना, सांगून टाकलं की अंबरीशचं जावळ याच वस्तऱ्यानं काढायचं. अंबरीश म्हणजे नातू, वय अकरा महिने, मुक्काम नांदेड. "माझंही जावळ यानंच झालं असणार," असं माधवराव पहिल्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यातलं 'असणार' गळालं. आठवड्याभरात वडिलांचं जावळही त्याच वस्तऱ्यानं होऊन गेलं होतं.

सून मनस्विनी नांदेडला दातांची डॉक्टर. ती भांडत नाही, म्हणूनच सगळे तिला वचकून असतात. फोनवर तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, तुमची भावना कळते मला. जावळाच्या आदल्या दिवशी आम्ही येतोच आहोत. माझ्यासमोर तुम्ही त्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करा. रक्ताचा एक थेंब आला नाही, तर बाळाच्या डोक्याला तोच लावू."

"आणि आला तर?"

"तर ट्रिमर."

माधवराव म्हणाले, मंजूर. (आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजांवर हेच लिहिलं होतं, तेच तोंडातून आलं.) आपण जन्मात कधी वस्तरा धरलेला नाही, हे त्यांना फोन ठेवल्यावर आठवलं. वस्तऱ्याला गंज होता, धार तर नव्हतीच. म्हणजे आधी दगड पाहिजे. हातात वीस दिवस होते.

गंजगोलाईच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्यानं एक दगड काढून दिला, एका बाजूनं भरड, एका बाजूनं बारीक. विळा आहे का खुरपं, असं त्यानं विचारलं. वस्तरा म्हटल्यावर त्या भल्या माणसानं दगड परत कपाटात ठेवायला घेतला, हा खुरप्याचा दगड आहे, साहेब, वस्तऱ्याला नका लावू, असंही सांगितलं. पण दुकानातून रिकाम्या हातानं उतरायचं माधवरावांच्या जिवावर आलं आणि त्यांनी तो घेतलाच. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून झाले. जपानातली माणसं मुलीला स्थळ बघावं इतक्या बारकाईनं दगड बघत होती. हजार नंबरचा दगड, चार हजारचा, बारा हजारचा. तो मागवला तर यायला सव्वा महिना, म्हणजे जावळ उरकल्यावर धार.

शेवटी ते बसस्टँडमागच्या नरसिंगकडे गेले. नरसिंगही आता अर्धं ब्लेड घालून काम करायचा, पण त्याच्या आजानं दगड पारखण्यात हयात घालवली होती.

"साहेब, दगड डोळ्यानं बघू नका, नखानं बघा," नरसिंग म्हणाला. "नख अडकलं की तो खुरप्याचा. नख घसरलं की वस्तऱ्याचा. अन् वर पाणी सोडा. गटकन पिला तर सोडून द्या त्याला. पाणी धरून बसतो ना, तोच खरा." मग तो म्हणाला, मी येतो की ब्लेड घेऊन, कशाला जिवाला घोर लावून घ्यायलात? ते मात्र माधवरावांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून लातुरात दिसेल त्या दगडाला माधवरावांचं नख लागू लागलं. घराची पायरी झाली, ओट्याचा ग्रॅनाइट झाला, मोरीतली शहाबादी फरशी झाली. बँकेच्या खांबाला नख लावताना वॉचमननं हटकलं. देवघरातल्या सहाणेवर त्यांनी नख टेकवलं, तेव्हा विमलबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बघितलं. सहाण बाद झाली.

आणि मग मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडे, घरचा पाटा सापडला. मिक्सर आल्यापासून तो तिथं उताणा पडून होता. त्यावर वर्षानुवर्षं चटणी, वाटण, पुरण वाटलेलं. नख या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ घसरत गेलं. पाणी सोडलं तर ते जिथल्या तिथं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगीच नाही. एकच खोट होती, पाटा मधोमध झिजून खोलगट झाला होता. माधवरावांनी बारीक वाळू आणली, विटेचा तुकडा घेतला आणि रोज सकाळी दोन तास पाटा घासायला सुरुवात केली. बारा दिवस घासला. खांदे भरून आले, पण पाटा आरशासारखा सपाट झाला.

आता विमलबाईंचं ऐका. जावळाच्या जेवणाला पुरणपोळी ठरली होती आणि मिक्सरवर पुरणाला ती चव येत नाही, असं त्या कधीतरी बोलून गेल्या होत्या. नवरा रोज वाकून पाटा घासतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, याला आपलं बोलणं लक्षात राहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, स्वयंपाकाच्या वस्तूला या माणसाचा हात पहिल्यांदा लागत होता. त्यांचे डोळे भरून आले. सकाळचा दुसरा चहा न मागता येऊ लागला. माधवरावांना वाटलं, हिचा वस्तऱ्याला पाठिंबा आहे. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. (इतक्या जुन्या संसारात विचारणं म्हणजे आगाऊपणा.)

आदल्या दिवशी माधवराव मुलाला, सुनेला, नातवाला घ्यायला बसस्टँडवर गेले आणि इकडे गल्लीत पाटे टाकवणारी नीलाबाई आली. पाटा झिजून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोड्यानं ठोकून ठोकून तो पुन्हा खरबरीत करायचा, हा तिचा पिढीजात धंदा. मिक्सर आल्यापासून तिला कोणी हाक मारत नव्हतं. विमलबाईंनी मारली. नीलाबाईनं पाट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, लई गुळगुळीत झालाय हो. असा पाटा म्या जन्मात बघितला न्हाई." आणि पदर खोचून बसली. तासभर टकटक चालली होती.

माधवराव परत आले ते थेट अंगणात गेले. पाट्याच्या अंगभर देवीचे वण उठावेत तसे टवके होते. त्यांनी सवयीनं नख लावलं, ते पहिल्याच टवक्यात अडकलं.

"टाकवून घेतला," विमलबाई मागून म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी एवढं घासलंत, म्हटलं पुढचं मी करावं."

त्यांचा चेहरा असा फुलला होता की माधवरावांनी तो बराच वेळ बघितला. मग ते म्हणाले, "छान झालं." आयुष्यात त्यांनी मोठं धैर्याचं काम केलं असेल तर ते हेच.

पण सूनबाई चहा संपवून अंगणात खुर्ची टाकून बसली होती. माघार घ्यायची तर वडिलांच्या हातांची ती एकुलती आठवण ट्रंकेत परत घालायची. माधवरावांच्यानं ते होईना. त्यांनी मोरीत जाऊन दार लावलं आणि हार्डवेअरवाल्याचा दगड काढला. बारीक बाजूवर वस्तरा घासला, मग ऑफिसच्या जुन्या पट्ट्यावर घासला, देवाचं नाव घेतलं आणि फेस लावून बाहेर आले. मनस्विनीनं ट्रिमर पिशवीतून काढला नव्हता, हा तिचा चांगुलपणा. कापूस तेवढा काढून ठेवला होता.

कानाखालचा पहिला हात निभावला. दुसरा हनुवटीपर्यंत आला आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली. तरी माधवराव थांबले नाहीत, गालावर दोन आणि गळ्याजवळ एक, अशा आणखी तीन झाल्या. मनस्विनीनंच हलकेच त्यांच्या हातातून वस्तरा घेतला. जखमा पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, चालवायचा नाही. पण उद्या पूजेला ठेवू या, तुमच्या वडिलांची आठवण म्हणून." माधवरावांना खरंच रडू आलं. फेस डोळ्यात गेला, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाटावर ताम्हन, ताम्हनात वस्तरा, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सगळे पाया पडले. अंबरीशचंही कपाळ मनस्विनीनं स्वतः त्यावर टेकवलं. मग मामाच्या मांडीवर बसून त्यानं ट्रिमरनं मुकाट जावळ काढून घेतलं.

एवढ्यात उदगीरहून गंगम्माआत्या आल्या. माधवरावांच्या वडिलांची ही धाकटी बहीण, वय शहाऐंशी, नजर शाबूत. ताम्हनाकडे बघून त्या थबकल्या.

"हा दादाचा वस्तरा पूजेला कशाला मांडलाय?"

माधवरावांनी गालावरचा कापूस सावरत सांगितलं की आपलं जावळ याच वस्तऱ्यानं झालं.

"तुझं गाणगापूरला झालं की रे. हा तर आमची म्हैस भादरायचा वस्तरा हाय. दर उन्हाळ्यात दादा ओसरीवर बसून याला धार लावायचा अन् तिला भादरायचा. सोताची दाढी न्हाव्याकडंच."

मनस्विनीनं अंबरीशचं कपाळ पदरानं पुसलं. माधवरावांनी ताम्हनातलं झेंडूचं फूल सरळ केलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण आत्या, वडिलांचा हात चांगला होता ना?"

"लई चांगला," गंगम्माआत्या म्हणाल्या आणि त्यांनी भाच्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट निरखला. "इतकी वर्षं भादरली, पण म्हशीला कधी रक्ताचा थेंब आला न्हाई."