पोटावरचं गळू आणि व्याहीभेट

लोह्याचे श्रीमंतराव इन्सुलिनची सुई सणासुदीला बदलत. दिवाळीला एकदा बदलली, की पुढं निवांत.

"टुचकते की अजून," ते म्हणत.

"पोतं शिवायचा दाभण बी टुचकतो," त्यांची बायको केवळाबाई म्हणत. "उद्यापासून तोच लावा."

टोचायची जागाही ठरलेली, बेंबीच्या उजवीकडं. तिथली कातडी निबर झाली होती म्हणून दुखत नसे, आणि दुखत नसे म्हणून ते तिथंच टोचत. स्वच्छता म्हणून सुई बनियनला पुसत. बनियन कालचं असे.

लेक पुनमच्या लग्नाच्या आठवड्यात त्या जागी लिंबाएवढं गळू आलं. लालबुंद, ठणकणारं.

"दवाखान्यात चला," केवळाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर भरती करून घेतो. मंग पोरीचं कन्यादान कोण करंल, कंपाउंडर? एवढं लगीन होऊ दे."

गळूवर रुमाल, त्यावर सदरा, त्यावर कोट. भर उन्हात कोट बघून पाहुणे म्हणाले, बाप हौशी आहे. सगळा बंदोबस्त झाला. फक्त व्याहीभेट कुणाच्या ध्यानात नव्हती.

नवरदेवाचे वडील बालाजीराव अर्धापूरचे, केळीवाले. घड उचलून उचलून माणूसही तसाच उचलायची सवय. मांडवाच्या दारात त्यांनी श्रीमंतरावांना कवळा घातला आणि वर उचललं.

"आई रेणुके!" श्रीमंतराव किंचाळले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"पोरीवर लई जीव हाय बापाचा," कुणीतरी म्हणालं. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. ते ऐकून बालाजीरावांना गहिवरून आलं. त्यांनी आणखी जोरात आवळलं आणि तेही विव्हळले.

"काका, फोटो हलला," फोटोग्राफर म्हणाला. "परत एकदा."

परत एकदा झालं. गळू फुटलं.

सदऱ्यावरचा डाग पहिल्यांदा केवळाबाईंना दिसला. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, पुढं डीजे, सगळं वऱ्हाड त्यामागं. तेवढ्यात त्यांनी नवऱ्याला आणि आधाराला म्हणून बालाजीरावांना जीपमध्ये घातलं.

डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. "सुई कधीची?"

"दिवाळीची," केवळाबाई म्हणाल्या.

"रोज नवी सुई, हात धुऊन, जागा बदलून. गळू दाबून फोडणं हा काही उपचार न्हाई. पण त्यामुळं इथं तरी आलात. अजून अंगावर काढलं असतं तर विष रक्तात भिनलं असतं."

श्रीमंतरावांनी बालाजीरावांचा हात धरला. "पाव्हणं, तुम्ही आवळलं म्हणून वाचलो. लई उपकार झाले."

बालाजीरावांनी हळूच सदरा वर केला. बेंबीच्या डावीकडं तसंच लिंबू.

"तुमची दिवाळीची तरी हाय," ते खाली मान घालून म्हणाले. "माझी पोळ्याची हाय."

"तरीच! तुम्ही बी रडून राहिले व्हते."

डॉक्टरांनी दुसरं टेबल पुसलं. "अक्षता टाका आणि दोघंही भरती व्हायला या."

पट्ट्या बांधून जीप परतली, तेव्हा मुहूर्त कधीच टळला होता. पण चौकात बघतात तर घोडा तिथंच, डीजे तिथंच आणि पोरं अजून नाचतच होती. सकाळपासून ज्यांना श्रीमंतराव शिव्या घालत होते, त्या पोरांना त्यांनी जीपमधूनच हात जोडले.

कन्यादान त्यांच्याच हातानं झालं.

व्याहीभेटीचा तो फोटो आता दोन्ही घरांत लावलाय. दोघं व्याही मिठीत, दोघंही ढसाढसा. बघणारा म्हणतोच, "असे व्याही मिळायला नशीब लागतं."

श्रीमंतराव सदऱ्यावरून पोट चाचपतात.

"हाव," ते म्हणतात. "लागतं."