मनात येईल ते बोला

शिपायाने निरोप आणला आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "शिंपीकाका येत नाहीत. मशीन बिघडलंय म्हणे."

आता आली का पंचाईत! विद्यार्थ्यांनी डॉक्टरांची वेळ घ्यायचं एक ॲप बनवलं होतं. ते साध्या माणसाला जमतं का, याची चाचणी कशी घ्यायची, हे सर आज वर्गाला करून दाखवणार होते. मागच्या बाकावर विभागप्रमुख बाई गुणांचा कागद घेऊन बसल्या होत्या. पाच वर्षं कंत्राटावर घासल्यावर सरांची नोकरी पक्की होणार की नाही, ते या एका तासावर होतं. आणि चाचणीला बोलावलेले शिंपीकाकाच ऐन वेळी नाहीत!

तेवढ्यात दारात आत्या उभी. सरांना लहानाचं मोठं केलं ते हिनेच. "अरे धांदरटा, फोन घरीच विसरलास!"

"सर, या आजी चालतील की!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. सर नको म्हणायच्या आत मागून बाईंचा आवाज आला, "बसवा त्यांना."

सरांनी नियम सांगितले. "आत्या, या ॲपवर डॉक्टरांची वेळ घ्यायची. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, काही लपवायचं नाही. मी मध्ये बोलणार नाही आणि मदतही करणार नाही."

"मी बोलायचं आणि तू गप्प ऐकायचंस? अगंबाई, उजाडला म्हणायचा हा दिवस!"

विचारणारा मध्ये बोलला की समोरचं माणूस त्याच्या कलाने उत्तरं देतं, हे सरांनीच सहा महिने वर्गाच्या डोक्यात कुटून बसवलं होतं. बाईही सर किती वेळा मध्ये पडतात, तेच मोजणार होत्या.

"या तीन रेघोट्या कसल्या? कुणी पेन चालवून बघितलं का?" आत्याने सुरुवात केली. मुलांनी भराभर लिहून घेतलं. सर खूश झाले.

"रुग्णाचं नाव. मला काय धाड भरलीय? भाच्याचं टाकते. तक्रार... झोप नाही. कशी येईल? नोकरी टांगणीला! त्या प्रमुख बाई म्हणे सदा फणफणत असतात. घरी त्यांची नक्कल करतो हा, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन."

मागच्या बाकावर बाईंनी चष्मा हळूच वर सरकवला. सर जोरात खोकले.

"सर, खोकला मध्ये बोलण्यात धरायचा का?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"धरायचा," बाई म्हणाल्या.

मनात एका वेळी चारच गोष्टी मावतात, असं सर शिकवत आले होते. आत्याच्या मनात अख्खं घर मावलेलं निघालं. सर आंघोळीत व्याख्यानाची तालीम करतात, बाई दिसल्या की जिना बदलतात, काही म्हणता काही राहिलं नाही. शेवटी ती एका बटणापाशी अडली.

"अरे, सांग की! तुझं नाक पुसून माझे पदर झिजले, आणि तुला साधं बटण दाखवता येत नाही?"

सरांच्या कपाळावर घाम आला, पण नियम तो नियम. "आत्या, आत्ता मनात काय आलं?"

"एक मुस्काटात द्यावीशी वाटली!"

वर्ग खो खो हसला. बाई उठून पुढे आल्या. सरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"आत्याबाई, मी खरंच फणफणते?"

"तुम्हीच का त्या?" आत्याने त्यांना नीट न्याहाळलं. "हो, वाटतं तसं. पण डोळे मायाळू आहेत हो."

बाई चक्क हसल्या. "सर, इथे येणारा प्रत्येक माणूस 'छान आहे, छान आहे' म्हणून निघून जातो. मनातलं खरं बोलणारं माणूस मला वीस वर्षांत आज मिळालं. चाचण्यांसाठी यांना कायम ठेवून घेऊ. नेमणुकीचं पत्र आजच काढते."

"आणि... माझं?" सरांनी चाचरत विचारलं.

"तुमचं पुढच्या वर्षी बघू."

आत्याने भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "तोंड पाडू नकोस. आता मी पक्की झालेय ना, तुझ्यासाठी शब्द टाकते."